पाहुण्यांना पहिली मॅच फायनल दाखवू नका: कोल्हापूरच्या गॅलरीतलं एक प्रकरण

गेल्या सीझनला एप्रिलमध्ये माझी मावसबहीण ठाण्याहून घरच्यांना घेऊन अंबाबाईच्या दर्शनाला आली. ताई, दाजी, सातवीतली भाची, पहिलीतला भाचा आणि ताईच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे काकूच म्हणतो, वय 68 आणि एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी धरून सहा जण. देऊळ, पन्हाळा, रंकाळा आणि तांबडा-पांढरा एवढं ठरलेलं होतं, पण भाची शाळेच्या फुटबॉल टीममध्ये राईट विंगला खेळते आणि तिनं आधीच मोबाईलवर कोल्हापूरच्या गॅलरीचे, म्हणजे स्टेडियमच्या पायऱ्यांवरच्या प्रेक्षकांचे, व्हिडिओ बघून ठेवलेले, त्यामुळं गाडीतनं उतरल्या उतरल्या तिचा पहिला प्रश्न, "मामा, मॅच कधी आहे?"

आणि योग असा की त्याच रविवारी शाहू स्टेडियमवर एका नॉकआऊट स्पर्धेची फायनल होती, दोन मोठ्या पेठांचे संघ समोरासमोर. कुठले दोन आणि कुठला चषक ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं जे झालं ते कुठल्याही दोन संघांच्या मॅचला होऊ शकलं असतं आणि नाव लिहिलं की सगळी चर्चा तिकडंच जाते. मला वाटलं ह्याच्यापेक्षा भारी दिवस मिळणार नाही, घरी पाहुणे आले की आपण ताटात सगळ्यात चांगलं तेच वाढतो, मग फुटबॉल दाखवायचा तर फायनलच दाखवायची. माझी चूक इथंच झाली.

त्या रविवारी काय झालं

मॅच चारला होती. आम्ही पन्हाळ्यावरनं दुपारी खाली आलो, जेवणं झाली, काकूंनी जरा पाठ टेकली आणि घरातनं निघालो साडेतीनला. कोल्हापूरच्या माणसाला कळेल फायनलला साडेतीनला निघणं म्हणजे काय. गाडी लावायला जागा मिळेना, शेवटी लांब एका बोळात लावून चालत निघालो, ऊन एप्रिलचं, भाचा दाजींच्या खांद्यावर. आत गेलो तर एका संघाचे समर्थक जिथं बसतात त्या पायऱ्यांच्या ऐन मधी सरकत सरकत जागा मिळाली, ती पण दोन ठिकाणी तुटून. मी, काकू आणि भाचा एकीकडं, बाकीचे तिघं आमच्यापेक्षा सहा-सात पायऱ्या वर.

तिथली पोरं वाईट नव्हती हे आधी सांगतो. काकूंना बघून दोघंतिघं लगेच उठली, "आज्जी, बसा हितं," एकानं तर डोक्यावरचा टॉवेल काढून पायरीवर अंथरला कारण सिमेंट तापलेलं होतं. पण मॅच सुरू झाली की अख्खी गॅलरी उभी राहते, आणि फायनलला ती परत बसतच नाही. ढोल, हलगी, शिट्ट्या, घोषणा, झेंडे, सगळं एकदम. काकूंना उभं राहवेना, बसल्या तर समोर नुसत्या पाठी. पहिला गोल झाला तेव्हा जो आवाज उठला त्यानं भाचा एवढा दचकला की कानावर हात घट्ट दाबून त्यानं जे रडायला सुरुवात केली ते थांबायलाच तयार नाही, आणि मी गोल बघायचा का त्याला घ्यायचं ह्या गडबडीत दोन्ही नीट केलं नाही.

हाफटाईमनंतर पंचांच्या एका निर्णयावरनं वातावरण तापलं. गॅलरीतल्या थोड्या लोकांनी बाटल्या फेकल्या, पोलीस पायऱ्यांवर चढले, खेळ काही मिनिटं थांबला. कुणाला लागलं नाही. माझ्यासारख्यानं असं आधी बघितलेलं असतं, तो म्हणतो होईल सुरू पाच मिनिटात, पण काकूंनी माझा हात धरला तो दंडाला वळ उठेल इतका घट्ट. मग निघालो. गर्दीतनं पायऱ्या उतरून गेटपर्यंत यायलाच पाव तास गेला. भाचीच्या डोळ्यातनं पाणी, कारण तिला शेवटपर्यंत थांबायचं होतं, आणि तिचं बरोबरच होतं, तिच्या जागेवरनं तिला सगळं झकास दिसत होतं.

रात्री जेवताना कुणीच काही बोलेना. काकू एवढंच म्हणाल्या, "अरे पण खेळ कुठं दिसलाच नाही रे मला."

हे वाक्य माझ्या डोक्यात वर्षभर राहिलं. भीती वाटली असं त्या म्हणाल्या असत्या तर मी समजूत काढली असती. खेळ दिसला नाही म्हणजे ज्याच्यासाठी नेलं तेच झालं नाही.

हा फुटबॉल नेमका काय आहे

बाहेरच्यांना वाटतं कोल्हापूर म्हणजे कुस्ती. ते खरंच आहे, शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान 1912 पासनं उभं आहे, पण पेठेतल्या पोराला विचारा, त्याच्या दप्तरात काय असायचं, तर बूट आणि स्टॉकिंग. गंमत म्हणजे फुटबॉलचे संघपण तालमींचेच. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, त्यांच्याबरोबर शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ, संध्यामठ, झुंजार अशी नावं. एकेका नावात अख्खा भूगोल आहे, संध्यामठ म्हणजे रंकाळ्यातली ती दगडी वास्तू जी पाणी उतरलं की वर दिसायला लागते, तिच्या नावाचा संघ मैदानात उतरतो. तालीम म्हणजे पूर्वी कुस्तीची लाल माती आणि हौदा, पण ती पेठेची चावडीपण होती आणि आजपण आहे, गणपती तिचा, शिवजयंती तिची, पंचगंगेला पूर आला की बोटी आणि जेवणाची पाकिटं घेऊन पहिली धावणारी पोरं तिची, आणि फुटबॉलचा संघही तिचाच. म्हणून इथं आपण 'संघाचा फॅन' नसतो, आपण त्या पेठेचे असतो. संघ बदलायचा म्हणजे घर बदलण्यासारखं.

ह्याला आमच्याकडं शब्द आहे ईर्षा. वाईट अर्थानं कमी आणि जिद्दीच्या अर्थानं जास्त वापरतात, "लई ईर्षेची मॅच झाली" म्हणजे चांगली मॅच झाली. पण हीच ईर्षा कधी हाताबाहेर जाते तेपण सगळ्यांना ठाऊक आहे.

सगळा कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन म्हणजे केएसए बघते, 1940 मध्ये स्थापन झालेली. स्टेडियमची जागा म्हणजे पूर्वीचा रावणेश्वर तलाव. हे शहरच तळ्यांचं होतं, वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं, पद्माळा तलावाच्या जागी पद्माराजे उद्यान, कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई, आणि रावणेश्वराच्या जागी फुटबॉल. दाजींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, म्हणजे तुम्ही लोक तळ्याच्या काठावर बसून मॅच बघता, आणि खरंच वरच्या पायरीवरनं खाली बघितलं की तसंच वाटतं.

सीझन साधारण पाऊस संपून थंडी पडायला लागली की सुरू होतो. आधी खेळाडूंची नोंदणी, त्या दिवसात पेठेपेठेत चर्चा एकच, कोण कुणाकडनं खेळणार. मग वरिष्ठ गटाची लीग, त्यात 16 संघ, आणि लीग आटोपली की नॉकआऊट स्पर्धा सुरू, महापौर चषक, अटल चषक, राजेश चषक, चंद्रकांत चषक, सतेज चषक असं करत करत मे महिन्यापर्यंत, कारण नंतर वळीव आणि मग पावसाळा. बरेच संघ नायजेरिया वगैरे आफ्रिकन देशातले खेळाडूपण आणतात, आणि पेठेतली पोरं त्यांना दुसऱ्या सीझनपर्यंत मिसळीतला कट मागून घ्यायला शिकवतात. इथनं वर गेलेली पोरंपण आहेत, अनिकेत जाधव 2017 च्या अंडर-17 वर्ल्डकपला भारताकडनं खेळला, तो वर्ल्डकप भारतातच झाला होता. मोठ्या माणसांच्या वर्ल्डकपला तर आमच्या गल्ल्यांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, ते बघायलापण लोक बाहेरनं येतात.

आता एवढं सगळं असलेल्या गावात पाहुणा आला आणि त्याला खेळच दिसला नाही, तर चुकलं कुठं?

चूक कुठं होती

आमच्या शेजारी एक काका आहेत, चाळीस वर्षं गॅलरीत बसतात, मॅच असली की दुकान दुपारी बंद. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पाव्हण्यांना लीग दाखवायची. फायनल आपली आपण बघायची."

मला तेव्हा ते पटलं नव्हतं. फायनल चांगली का लीगची साधी मॅच चांगली, ह्यात विचारायचं काय. पण नंतर मी एकेक गोष्ट सुटी करून बघितली. फायनल बघायची मजा कशात असते, तर आपण दोन्ही संघ ओळखतो, त्या नऊ नंबरवाल्यानं मागच्या वर्षी काय केलं ते माहीत असतं, पंचांचा स्वभाव माहीत असतो, गर्दीत कुठनं शिरायचं आणि कुठनं निघायचं ते पायाला माहीत असतं. हे सगळं काढून घेतलं तर फायनलमध्ये उरतं काय, गर्दी, आवाज आणि ऊन. नेमकं तेवढंच काकूंना आणि पहिलीतल्या पोराला मिळालं. भाचीला जास्त मिळालं कारण तिला खेळ कळतो, आणि दाजींना मधलं काहीतरी.

दुसरी चूक, सहा जणांना मी एकच माणूस समजलो. सातवीतल्या मुलीची मॅच वेगळी, पहिलीतल्या पोराची वेगळी, 68 च्या बाईंची वेगळी. आणि तिसरी चूक वेळेची. उशिरा गेलं की जागा आपण निवडत नाही, उरलेली जागा आपल्याला निवडते. तोच स्टेडियम, तीच माणसं, तासभर आधी गेलो असतो तर कडेला, गेटजवळ, एकत्र बसलो असतो आणि खेळ थांबला तेव्हा दोन मिनिटात बाहेर पडलो असतो.

बाटल्या फेकणाऱ्यांबद्दल एकच बोलतो. ते थोडे असतात, शंभरात दोनचार, पण त्यांच्यामुळं जी बाई एकदा घाबरून गेली ती परत येत नाही, आणि तिच्याबरोबर तिची पोरंही येत नाहीत. पेठेचं प्रेम असेल तर ह्याचा राग आपल्यालाच सगळ्यात आधी आला पाहिजे. मला तो येतो.

जानेवारीतला दुसरा प्रयत्न

26 जानेवारीला जोडून सुट्टी आली आणि ताईचा फोन, येतोय आम्ही. काकू येणार का विचारलं तर म्हणाली, येतील पण स्टेडियमला नाही येणार म्हणतात. मी म्हटलं त्यांना आत्ता काही सांगू नको, आधी मला सकाळी सात वाजता घेऊन जाऊ दे एका ठिकाणी.

ते ठिकाण म्हणजे शिवाजी पेठेतलं गांधी मैदान. पावसाळ्यात तिथं पाणी साचतं, जुन्या तळ्याला आपली जागा आठवते जणू, पण जानेवारीच्या सकाळी तिथं जे चालू असतं ते बघण्यासारखं आहे. एका कोपऱ्यात सराव करणारे सिनियर खेळाडू, एकीकडं आठ-दहा वर्षांची पोरं कोनमधनं बॉल काढत, कडेनं चालणारे आजी-आजोबा. काकूंना चालायची सवय आहे, त्या आपल्या कडेनं फेरी मारू लागल्या, आणि तिसऱ्या फेरीला थांबून बघायला लागल्या. तिथं ना ढोल ना गर्दी, नुसता बॉलचा आवाज आणि शिकवणाऱ्याची शिट्टी. एक उंच सडपातळ पोरगा डाव्या पायानं एकापाठोपाठ एक क्रॉस, म्हणजे कडेनं गोलसमोर मारलेले बॉल, टाकत होता, सात नंबरचा टी-शर्ट घातलेला. काकूंनी विचारलं, हा सारखं एकच का करतोय? मी सांगितलं, मॅचमध्ये त्याला हा बॉल दोनदा किंवा तीनदाच मिळणार, ते दोन-तीन वाया जाऊ नयेत म्हणून तो इथं शंभर वेळा मारतो. काकू शिक्षिका होत्या, पाढे घोकून घेणारी बाई, त्यांना ते तिथल्या तिथं समजलं.

भाचीला लहान पोरांच्या गटात तिथल्या प्रशिक्षकांनी अर्धा तास घेतलं. त्यात तीन मुलीपण होत्या. परत आली ती घामानं निथळत आणि गप्प, म्हणाली मामा ही पोरं बॉल पायाला चिकटल्यासारखी पळतात.

तिथनं गंगावेशीत धारोष्ण दूध, मग मिसळ, मग खासबाग बाहेरनं बघितलं आणि घरी येऊन झोप. ही झोप मुद्दाम घातली होती प्लॅनमध्ये. लहान पोराचा आणि म्हाताऱ्या माणसाचा दिवस सकाळीच संपवून टाकला तर दुपारची मॅच कितीही चांगली असो, ती वाया जाते.

मॅच निवडली ती लीगची, दोन मॅचपैकी दुपारची पहिली. एक जुन्या पेठेतला संघ आणि एक उपनगरातला, दोघंही तक्त्यात मधे कुठंतरी. जानेवारीचं ऊन सोसवणारं असतं, लीगच्या सुरुवातीला गर्दी बेताची असते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लोक बसून मॅच बघतात. तिकीट एका मिसळीच्या प्लेटपेक्षा स्वस्त, त्यामुळं मधेच उठून जावं लागलं तरी पैसे गेले असं वाटत नाही, घरच्या लोकांना घेऊन जाताना ही गोष्ट लई कामाची.

काकू आल्या. मी आग्रह केला नाही, निघताना त्याच म्हणाल्या तो सात नंबरवाला खेळणार आहे का? त्या पोराचा संघ तोच होता, सकाळीच विचारून ठेवलेलं.

आम्ही पाऊण तास आधी पोचलो. रिक्षानं गेलो, गाडीची भानगडच ठेवली नाही. आत शिरताना गेटवरच्या माणसाला सरळ विचारलं, आजी आहेत, लहान पोरगं आहे, कुठं बसू, पाण्याची बाटली चालेल का. त्यानं हातानं दाखवलं, तिकडं कडेला बसा, खाली. विचारलं की माणसं सांगतात, मागच्या वेळी मी विचारलंच नव्हतं, मला वाटायचं मी इथलाच, मला काय विचारायचं. ऊन पाठीवर येईल अशी बाजू, गेटपासनं जवळ, तीनच पायऱ्या चढून. दोन्ही संघांचे समर्थक जिथं गोळा होतात तिथनं लांब. काकूंना खाली टाकायला घरातली जाड उशी नेली होती, आणि भाच्याला ठाण्याहूनच कानावरचे ते मोठे हेडफोन आणायला सांगितलेलं, गाणी ऐकायला नाही, नुसते कान झाकायला. त्यानं ते पहिली वीस मिनिटं लावले, मग स्वतःच काढून गळ्यात घातले.

आणि प्रत्येकाला एकेक काम दिलं. भाच्यानं कॉर्नर मोजायचे, बोटावर. काकूंनी फक्त सात नंबर बघायचा, बॉल कुठंही असू दे. दाजींना प्रीमियर लीगचं वेड आहे, त्यांना सांगितलं की उपनगरवाल्यांचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, सारखा पुढं येतोय, त्याच्या मागची जागा कोण वापरतं ते बघा. भाचीला काही सांगायची गरजच नव्हती.

काकूंचा तो सात नंबर बघायचा प्रकार मी शेजारच्या काकांकडनं उचललेला. नवख्या माणसाची नजर बॉलच्या मागं पळते आणि दमते, बावीस जणांत काय चाललंय कळत नाही. एकच खेळाडू धरला की हळूहळू त्याच्याभोवतीचा खेळ उलगडतो, तो का थांबला, तो का मागं आला, त्यानं हात वर का केला. विसाव्या मिनिटाला काकू मला म्हणाल्या, अरे त्याला कुणी पासच देत नाहीये, तो तिकडं एकटा उभाय. बरोबर होतं. मधल्या फळीतला पोरगा सगळे बॉल उजवीकडं टाकत होता. आमच्या पुढं एक आजोबा बसलेले, टोपी, हातात शेंगा, त्यांनी मागं वळून काकूंकडं बघितलं आणि म्हणाले, "बाई, अगदी खरं बोललासा. मी तेच म्हणतोय कवापासनं." मग पुढची सगळी मॅच ते दोघं बोलत होते, शेंगांची पुडी दोघांत. कुठल्या पेठेचा कोण, पूर्वी कोण कसं खेळायचं, त्या आजोबांचा मुलगा खेळायचा आणि आता नातू ज्युनिअरला आहे, सगळं काकूंना कळलं, जे मला दोन दिवस गाईड बनून सांगता आलं नसतं.

ढोल होते, पण लांब. घोषणा होत्या. एकदा पंचांवर आरडाओरडा झाला, तेव्हा काकूंनी माझ्याकडं बघितलं, आजोबा म्हणाले काय नाही, चालायचंच, आणि त्या परत समोर बघायला लागल्या.

हाफटाईमला भाचा म्हणाला कॉर्नर सहा झाले, भूक लागली. ताई त्याला घेऊन बाहेर पडली, भेळ खायला, आणि परत आलीच नाही, ते दोघं खासबागेकडं आईस्क्रीम खाऊन थेट घरी गेले. हे आधीच ठरलेलं होतं. सहा वर्षांच्या पोराला अर्धी मॅच पुष्कळ झाली. त्याला शेवटपर्यंत बसवून ठेवण्यात आपला हट्ट असतो, त्याचा आनंद नसतो. गेल्या वेळी स्टेडियम म्हटल्यावर रडणारं पोरगं ह्या वेळी घरी जाऊन मामीला सहा कॉर्नर कसे झाले ते दाखवत होतं, सोफ्याच्या कोपऱ्यातनं उशी मारून.

सत्तराव्या मिनिटाच्या आसपास सात नंबरला शेवटी बॉल मिळाला. त्यानं डाव्या बगलेतनं तसाच क्रॉस टाकला, सकाळी शंभर वेळा टाकलेला, आणि कुणीच डोकं लावलं नाही, बॉल पलीकडं निघून गेला. काकू "अरेरे" म्हणून उभ्या राहिल्या. गुडघा विसरून. गोल झाला असता तर हे लिहायला बरं वाटलं असतं, पण नाही झाला, मॅच बरोबरीत सुटली आणि काकूंना त्याचं जे वाईट वाटलं ते मॅच दिसल्याशिवाय वाटत नाही.

दाजी आणि भाची दुसऱ्या मॅचलापण थांबले, मी काकूंना घेऊन निघालो.

भाचीचा प्रश्न

रात्री तिनं विचारलं, मामा, इथं मुलींची मॅच कधी असते? ठाण्याजवळच्या मुलीनं हे विचारणं साहजिक होतं, ऑक्टोबर 2022 मध्ये मुलींच्या अंडर-17 वर्ल्डकपची फायनल ती नवी मुंबईला डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये बघून आलेली, स्पेननं कोलंबियाला 1-0 हरवलं ती. तिच्यासाठी मुलींचा फुटबॉल म्हणजे मोठं स्टेडियम आणि दिव्यांचा झगमगाट.

मी तिला सांगितलं की कोल्हापूरच्या मुली खेळतात आणि चांगल्या खेळतात, एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ 2019 मध्ये इंडियन वुमेन्स लीगच्या मुख्य फेरीत खेळलाय. शाळांच्या मुलींच्या स्पर्धा होतात. पण पेठेच्या ईर्षेनं गॅलरी भरते ती अजून पोरांच्याच मॅचला, आणि त्या दिवशी आमच्या आजूबाजूला बघितलं तर बायका हाताच्या बोटावर मोजण्याएवढ्या. तिनं ते मोजलेलंच होतं. मला उत्तर देता आलं नाही. मला मनापासनं वाटतं की ज्या पेठा बाहेरच्या खेळाडूला घरातला करून घेतात त्यांना हे अवघड नाही, मुलींचा संघ त्याच तालमीच्या नावानं, त्याच रंगाच्या जर्सीत उतरला तर हीच गॅलरी त्यांच्यासाठीपण उभी राहील. आणि घरातली पोरगी खेळायला लागली की तिची आई आणि आजी आपोआप पायरीवर येऊन बसतील, मग बाटली फेकणाऱ्याचा हात शेजारीच कोणीतरी धरेल.

कुणी असंच कुणाला घेऊन येणार असेल तर

अंबाबाईला येणारे हजारो लोक दुपारनंतर काय करायचं म्हणून हॉटेलात पडून असतात आणि रिक्षानं थोड्याच अंतरावर मॅच चालू असते, त्यांना पत्तापण नसतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत येत असाल तर लीग चालू आहे का ते आदल्या दिवशीच्या कोल्हापूरच्या पेपरात क्रीडा पानावर बघा, किंवा सरळ चहाच्या टपरीवर विचारा, "उद्या कुणाची मॅच हाय," उत्तर मिळतंच आणि बरोबर मतपण फुकट मिळतं. दोन मोठ्या संघांची गाठ असेल आणि तुमच्याबरोबर लहान पोरं किंवा वयस्कर माणसं असतील तर ती सोडा, दुसरी बघा. एकटेदुकटे जवान असाल तर जरूर त्याच मॅचला जा, तसा आवाज महाराष्ट्रात दुसरीकडं क्वचित ऐकायला मिळेल. कुठल्याही संघाच्या रंगाचा शर्ट घालून जाऊ नका, माहीत नसताना उगाच कुणाच्या तरी बाजूला धरले जाता. एप्रिल-मेमध्ये येत असाल तर टोपी आणि पाण्याशिवाय पायरीवर बसायचा विचारही करू नका. आणि मॅच संपली की लगेच पळू नका, दहा मिनिटं बसा, गर्दी ओसरते, मग निवांत उतरा.

हे सगळं मी आधीच्या एप्रिलमध्ये करू शकलो असतो. ह्यातली एकपण गोष्ट अवघड नव्हती.

मार्चमध्ये काकूंचा फोन आला, ताईच्या मोबाईलवरनं. तब्येत, पाऊसपाणी, मामीची चौकशी झाली आणि मग विचारलं, तो सात नंबरवाला आता कसा खेळतोय, त्याचा संघ कितव्या नंबरला आहे. मी सांगितलं पाचव्या. त्या म्हणाल्या, मधल्या पोरानं त्याला पास द्यायला सुरुवात केली का ते नीट बघून सांग. तेव्हापासनं त्याची मॅच असली की दुसऱ्या दिवशी पेपरातला वृत्तांत फोटो काढून त्यांना पाठवतो.